तमिळ रुपयाचं चिन्ह मजकुरात कसं टाकावं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी पानमांडणीचं एक काम आलं. तंजावरच्या एका मराठी कुटुंबाला घराण्यावर छोटी पुस्तिका काढायची होती. घरात बोलतात ती तंजावरी मराठी, पण पणजोबांच्या दुकानाची चोपडी तमिळमध्ये. त्या चोपडीची चार पानं टाईप करून छापायची आणि शेवटच्या पानावर पुस्तिकेची किंमत मराठी, तमिळ, इंग्रजी अशी तिन्ही भाषांत द्यायची, एवढंच काम. मला तमिळ येत नाही. युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीची, जुजबी ओळख होती, तेवढ्या भांडवलावर हो म्हणून बसलो.

त्यात पंधरा दिवस गेले. किमतीच्या पानावर मी टाकलेलं चिन्ह त्यांच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला ओळखता येईना. चोपडीच्या पानांवर, जिथे ते खरंच हवं होतं, तिथे प्रूफवर नुसते रिकामे चौकोन. दोन्ही चुका माझ्याच होत्या, आणि दोन्ही टाळता आल्या असत्या.

एक सूचना आधीच. या लेखात ते चिन्ह मी मुद्दाम कुठेही टाकलेलं नाही. तुमच्याकडे फॉन्ट नसेल तर चौकोन दिसेल, आणि ‘हेच ते चिन्ह’ असं वाटण्याचीही शक्यता आहे. त्याऐवजी युनिकोडमधला त्याचा क्रमांक देतो. त्यावरून ते स्वतःच्या मशिनवर काढलंत की फॉन्टची परीक्षा आपोआप होते.

१. टायपिंगच्या आधी ठरवा: कुठलं चिन्ह हवंय?

‘तमिळ रुपयाचं चिन्ह’ म्हणून लोक किमान चार वेगळ्या गोष्टी मागतात. निम्मा घोळ इथेच होतो.

पहिलं, आपलं नेहमीचं ₹. केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी ते स्वीकारलं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये आलं. ते सगळ्या भारताचं आहे, म्हणून तमिळ मजकुरातही चालतं. त्याचा आराखडा करणारे उदय कुमार मूळचे तमिळनाडूचेच.

दुसरं, तमिळ लिपीतलं ‘रू’ हे अक्षर. ‘रूबाय’ म्हणजे रुपया, त्याचं पहिलं अक्षर. आपण मराठीत ‘रु.’ लिहितो तसंच हे, पुढे टिंब देऊन किंवा न देता. दुकानाच्या पाट्या, पावत्या, वर्तमानपत्रं यांत तमिळ माणूस हेच वाचतो. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडूच्या अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात ₹ ऐवजी जे दिसलं आणि ज्यावरून देशभर गदारोळ झाला, तेही हेच अक्षर होतं. बोधचिन्ह १३ मार्चला आलं, अर्थसंकल्प १४ला. त्या दोन दिवसांत बऱ्याच जणांनी ‘तमिळांचं वेगळं चलनचिन्ह’ शोधायला घेतलं आणि खालचं तिसरं चिन्ह पसरवलं. बोधचिन्हात ते नव्हतं.

तिसरं, खरं जुनं तमिळ रुपयाचं चिन्ह. त्याच ‘रू’ला लपेट देऊन हिशेबनिसांनी बनवलेली खूण. युनिकोडमध्ये ते २००३ सालच्या ४.० आवृत्तीत आलं. क्रमांक दशमान पद्धतीत ३०६५, सोळामान (हेक्साडेसिमल) पद्धतीत शून्य-बी-एफ-नऊ. जुन्या चोपड्या, दस्तऐवज, त्यांच्या प्रती यांत याची खरी जागा आहे. आजच्या वाचकाला ते सहसा ओळखू येत नाही. मी किमतीच्या पानावर टाकलं होतं ते हेच. ‘आजोबांना विचारते’ असं त्या मुलीने मला कळवलं, आणि किंमत वाचायला आजोबा लागत असतील तर ती किंमत कसली!

चौथं, इंग्रजी आर आणि एस जोडून केलेलं एकच चिन्ह. ते ₹ च्याही आधीपासून युनिकोडमध्ये आहे आणि कुठल्याही एका देशाचं नाही. नव्या कामात घेऊ नका.

मग निवड अशी करा. आजची किंमत, बिल, मेन्यूकार्ड, लग्नाच्या हॉलचं दरपत्रक असेल तर ₹ किंवा ‘रू’ अक्षर. जुन्या कागदाची नक्कल असेल तर ३०६५. मजकूर श्रीलंकेतल्या तमिळ वाचकांसाठी असेल तर ₹ चुकूनही नको, ते भारतीय रुपयाचं आहे. तिथे ‘रू’ अक्षर वापरा आणि कुठला रुपया ते एकदा शब्दांत लिहा. सिंगापूर किंवा मलेशियासाठी असेल तर मुळात रुपयाच नाही, हे ग्राहकाला विचारून घ्या. हसू नका, मला एकदा ‘तमिळ आहे म्हणजे रुपये’ असं गृहीत धरून आलेला मजकूर मिळाला होता.

खात्री करायला सोपी युक्ती: खिशातली कुठलीही नोट काढा. भाषांच्या पट्टीत मराठी आठव्या ओळीवर आहे आणि तमिळ तेराव्या, म्हणजे खालून तिसरी. त्या ओळीतल्या शेवटच्या शब्दाचं पहिलं अक्षर म्हणजे तुमचं ‘रू’.

२. हाताशी काय काय हवं

- मूळ कागदाचा स्वच्छ स्कॅन, फोनवर काढलेला तिरका फोटो नव्हे. जुन्या खुणांमध्ये एका वळणाने अर्थ बदलतो.
- पूर्ण तमिळ विभाग असलेला युनिकोड फॉन्ट. नोटो सान्स तमिळ किंवा नोटो सेरिफ तमिळ फुकट मिळतात. विंडोज ८ पासून निर्मला यूआय मशिनमध्येच असतो.
- तमिळ वाचणारा एक माणूस, शक्यतो वयाने मोठा. हे ऐच्छिक समजू नका.
- ग्राहकाकडून लेखी उत्तर: चिन्ह आकड्याच्या आधी की नंतर, आकडे तमिळ की नेहमीचे.
- पुढे दिलेले क्रमांक एका कागदावर उतरवून. मी अजून तो कागद मॉनिटरला चिकटवून ठेवतो.

ग्राहकाने जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली फाईल दिली तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आपल्याकडे श्रीलिपी किंवा कृतीदेवची फाईल दुसऱ्या मशिनवर उघडली की जे होतं, तेच तमिळमध्ये बामिनीसारख्या फॉन्टचं होतं: आत साठवलेली अक्षरं इंग्रजी असतात, फॉन्ट फक्त वरून मुखवटा चढवतो. अशा मजकुरात मध्येच ३०६५ टाकलंत तर अर्धी ओळ एका जगातली, अर्धी दुसऱ्या.

३. जुनं चिन्ह मशिनवर काढा

वर्डमध्ये: सोळामान क्रमांक टाईप करा, म्हणजे शून्य, बी, एफ, नऊ, सगळं इंग्रजी कीबोर्डवरून. मग ते चार वर्ण सिलेक्ट करा आणि ऑल्ट दाबून एक्स. लिब्रेऑफिसमध्येही हेच चालतं. सिलेक्ट करायला विसरू नका. क्रमांकाच्या आधी लागूनच इंग्रजी आकडा असेल तर वर्ड तोही क्रमांकाचाच भाग समजतं आणि भलतंच काहीतरी उमटतं. रकमेनंतर चिन्ह टाकताना हे हमखास होतं.

विंडोजमध्ये कॅरेक्टर मॅप उघडून निर्मला यूआय निवडूनही चिन्ह सापडतं. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस एकत्र दाबून येणाऱ्या खिडकीत इंग्रजीत ‘तमिळ रुपी’ शोधा. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबून तोच सोळामान क्रमांक टाईप करा, मग एंटर. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्लिफ्सचं पॅनेल उघडून चिन्ह निवडा.

वेबपानावर: &#३०६५; असं लिहा. फक्त इथे मी आकडे देवनागरीत छापलेत, तुम्ही ते इंग्रजी आकड्यांतच टाईप करायचे. देवनागरी आकडे टाकले तर ब्राउझर तो मजकूर जसाच्या तसा दाखवेल.

फोनवर सगळ्यात सोपं म्हणजे एकदा कुठूनतरी कॉपी करून कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात एखाद्या छोट्या इंग्रजी शब्दाचा शॉर्टकट म्हणून ठेवून देणं.

चौकोन दिसला तर घाबरू नका. मजकूर चुकलेला नाही, फक्त फॉन्टमध्ये ते चिन्ह नाही. सिलेक्ट करून नोटो सान्स तमिळ लावून बघा.

४. ‘रू’ अक्षर: दिसायला एक, आत दोन

जुनं चिन्ह एका क्रमांकाचं असतं, म्हणून एकदा फॉन्ट मिळाला की ते बिघडत नाही. ‘रू’ अक्षर मात्र दोन तुकड्यांचं आहे: ‘र’ २९९२ आणि दीर्घ ऊकार ३०१०. दोघांना जोडून दाखवणं हे सॉफ्टवेअरचं काम. ते काम सॉफ्टवेअरला येत नसेल तर ‘र’ एकीकडे आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेला ऊकार दुसरीकडे दिसतो. मराठी जोडाक्षरं फुटतात तसंच.

इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेन्यूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. मराठी मजकुरासाठी तुम्ही ते आधीच करत असाल, पण तमिळ ओळ दुसऱ्या फाईलमधून पेस्ट केली असेल तर तिच्यासोबत जुनी सेटिंग आलेली असते. बॅनरवाल्या सॉफ्टवेअरमध्ये शक्यतो ती ओळ आधी नीट बनवून आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचं चित्र करून) पाठवा.

र्‍हस्व-दीर्घाकडेही लक्ष ठेवा. र्‍हस्व ‘रु’चा उकार ३००९, दीर्घाचा ३०१०. मराठीत आपण ‘रु.’ र्‍हस्व लिहितो, त्या सवयीने मी तमिळमध्येही र्‍हस्वच टाकला होता. तमिळमध्ये दीर्घ हवा. आणि र्‍हस्व ‘रु’ चालवून घेण्यात एक खास धोका आहे, तो पुढच्याच पायरीत.

५. जुनी चोपडी उतरवताना

या कामातला सगळ्यात मजेचा आणि सगळ्यात जास्त चुकांचा भाग हा.

तमिळ आकडे ३०४७ ते ३०५५ या क्रमांकांवर आहेत, एक ते नऊ. त्यानंतर ३०५६ दहा, ३०५७ शंभर, ३०५८ हजार, यांना वेगळी चिन्हं. जुन्या पद्धतीत शून्य नव्हतंच; शून्याचं चिन्ह युनिकोडमध्येही इतर आकड्यांनंतर, २००५ साली आलं. म्हणून दोनशे पन्नास लिहायला चार चिन्हं लागतात: दोन, शंभर, पाच, दहा. म्हणजे ३०४८, ३०५७, ३०५१, ३०५६ आणि रुपयाचं ३०६५. चोपडीत असं दिसलं तर ते ‘सुधारून’ दोन-पाच-शून्य करू नका. नक्कल करायची तर जसं आहे तसं.

आता सापळा. काही तमिळ आकडे अक्षरांसारखेच दिसतात. एक हा ‘क’सारखा, दोन ‘उ’सारखा, सात ‘ए’सारखा, आठ ‘अ’सारखा. आणि पाच हा र्‍हस्व ‘रु’सारखा. ज्या कागदावर प्रत्येक ओळीत रुपये आहेत, तिथे पाचाचा आकडा ‘रु’सारखा दिसावा, यापेक्षा खोडकर योगायोग नसेल. मी पहिल्या पानावर चार ठिकाणी पाचाऐवजी ‘रु’ टाईप केला होता. छापल्यावर डोळ्यांना फरक कळणं जवळजवळ अशक्य. पण कुणी तो मजकूर शोधला, आकड्यांत बदलायला घेतला, की सगळं कोसळतं.

तपासायची खात्रीची पद्धत: शंका असलेलं अक्षर एक्सेलच्या घरात टाका आणि शेजारच्या घरात ‘युनिकोड’ हे फंक्शन लावा. ३०५१ आलं तर पाच. २९९२ आलं तर तुम्ही अक्षर टाईप केलंय.

रुपयाच्या आसपास हिशेबाच्या बाकी खुणाही भेटतील. त्या सलग ओळीत आहेत: ३०५९ दिवस, ३०६० महिना, ३०६१ वर्ष, ३०६२ नावे, ३०६३ जमा, ३०६४ ‘वरीलप्रमाणे’, मग आपला ३०६५ रुपया आणि शेवटी ३०६६ अंकाची खूण. आपल्या जुन्या खतावण्या पाहिलेल्यांना हे घरचं वाटेल: जमा-नावे, सदरहू, कित्ता, मिती, सगळी माणसं तीच, कपडे वेगळे. या आठांपैकी चलनचिन्ह म्हणून युनिकोडमध्ये नोंद फक्त रुपयाची आहे, बाकी सर्वसाधारण चिन्हं. सगळी चलनचिन्हं एकदम शोधणारा प्रोग्राम लिहीत असाल तर हे लक्षात असू द्या.

१ एप्रिल १९५७ च्या आधीचा कागद असेल तर रक्कम रुपये-आणे-पैंत असणार. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. दशांशात बदलून छापू नका, हवं तर तळटीप द्या.

त्याहून जुना कागद असेल तर रुपयाच नसेल. कासु, पणम्, पोन् आणि वराहन् या नाण्यांची तमिळ चिन्हं २०१९ मध्ये युनिकोडच्या १२.० आवृत्तीत आली, क्रमांक ७३६९३ ते ७३६९६. तमिळ ‘पोन्’ म्हणजे सोनं, कानडीत तेच ‘होन्नु’ झालं, आणि तिथून आपला होन. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेलं सोन्याचं नाणं आणि ही खूण एकाच शब्दाची नातवंडं आहेत, हे कळल्यावर माझं त्या दिवसाचं टायपिंग तिथेच थांबलं. याच नव्या विभागात काल्, अरै, मुक्काल् अशी पाव, अर्धा, पाऊण यांचीही चिन्हं आहेत. यांना वेगळा फॉन्ट लागतो, नोटो सान्स तमिळ सप्लिमेंट. शिवाय ही चिन्हं चार बाइटची आहेत, ३०६५ तीनच बाइटचं. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये जुन्या तीन बाइटच्या ‘यूटीएफ८’ प्रकारात टेबल असेल तर रुपया साठेल, होन साठणार नाही. टेबल ‘यूटीएफ८एमबी४’ करून घ्या.

जाता जाता, मोडी कागद उतरवणाऱ्यांसाठी: उत्तर भारतीय लिप्यांमधल्या जुन्या हिशेबी खुणांनाही युनिकोडमध्ये जागा आहे. त्यातली रुपयाची खूण ४३०६४ वर आहे, २००९ पासून.

६. एक्सेलमध्ये चिन्ह रकमेला चिकटवू नका

चिन्ह काढायला ‘युनिचार’ फंक्शनमध्ये ३०६५ द्या. इथपर्यंत ठीक. पण ते रकमेच्या घरात टाईप केलंत की ती रक्कम एक्सेलच्या दृष्टीने मजकूर होते, आणि खाली बेरीज शून्य येते. घरात फक्त आकडा ठेवा. चिन्ह सेलच्या कस्टम नंबर फॉरमॅटमध्ये अवतरणचिन्हांत घाला, म्हणजे दिसतं पण मोजणीत येत नाही.

दुकानाच्या सॉफ्टवेअरसाठी हाच नियम आणखी कडक. आत चलन साठवायचं ते तीन अक्षरी कोडने: भारतासाठी आयएनआर, श्रीलंकेसाठी एलकेआर. चिन्ह ही फक्त दाखवण्याची गोष्ट.

७. पाठवताना काय बिघडतं

सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) एक्सेलने थेट उघडली की चिन्हाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि पुढे दोन फुटकळ खुणा दिसू शकतात. मराठी यादीचीही अशीच रांगोळी होते. फाईल खराब नसते; डेटा मेन्यूतून आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा. साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार घ्या.

एसएमएस: इंग्रजी संदेशात १६० वर्ण मावतात. त्यात यातलं एक जरी चिन्ह आलं, अगदी ₹ सुद्धा, की मर्यादा ७० वर येते आणि एका संदेशाचे दोन-तीन होतात. घाऊक संदेश पाठवणाऱ्यांचं बिल त्याच हिशेबाने वाढतं. तिथे साधं इंग्रजी आर-एस लिहिणं शहाणपणाचं.

वेबपानावर तमिळ भागाला भाषेची खूण (एचटीएमएलमधलं ‘लँग’) तमिळ द्या. आणि ₹ शोधून ३०६५ सापडेल असं समजू नका, संगणकाच्या लेखी या दोघांचं काही नातं नाही. जुन्या कागदाची नक्कल ऑनलाइन ठेवताना शेजारी ‘रूबाय’ शब्दातही रक्कम लिहा. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर हे चिन्ह उच्चारेलच याचा भरवसा धरता येत नाही.

८. छपाईला देण्याआधी

माझे चौकोन इथे उगवले होते. मी प्रेसला मूळ फाईल दिली, त्यांच्या मशिनवर तमिळ फॉन्ट नव्हता, सॉफ्टवेअरने परस्पर दुसरा लावला. तेव्हापासून फक्त पीडीएफ देतो, आणि देण्याआधी तीन गोष्टी बघतो.

पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी उघडून तमिळ फॉन्टच्या पुढे ‘एम्बेडेड’ (म्हणजे फाईलमध्येच भरलेला) लिहिलंय का. पीडीएफमधली एक रक्कम कॉपी करून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये पेस्ट केल्यावर चिन्ह तेच राहतं का. आणि ती पीडीएफ फोनवर उघडून बघतो, कारण माझ्या मशिनवर सगळे फॉन्ट आहेत, तिथे सगळं छानच दिसणार.

मराठी परिच्छेदात मध्येच तमिळ चिन्ह आलं तर त्या ओळीचं अंतर वाढलेलं दिसेल. तमिळ फॉन्टची उंची वेगळी असते. चिन्हासाठी वेगळी कॅरेक्टर स्टाईल करा, आकार पाव-अर्धा पॉइंट कमी करा आणि ओळींचं अंतर ऑटोवर न ठेवता आकडा द्या.

त्या पुस्तिकेच्या किमतीच्या पानावर शेवटी तमिळ ओळीत ‘रू’ अक्षर गेलं, मराठीत ‘रु.’ आणि इंग्रजीत ₹. चोपडीच्या चार पानांवर जुनं चिन्ह एकूण एकशे बारा वेळा आलंय. आजोबांनी भिंग घेऊन सगळी मोजली, आणि एक जास्त निघालं. मूळ पानावर तिथे शाईचा डाग होता.